शटडाउनवर जाण्याआधी

ह्यूस्टनला येऊन महिना झाला नाही तोच शेअरचं विचारायला लागलास, म्हणून लिहितोय. आपल्यासारख्या कंपन्यांत कामगारांची मालकी ट्रस्टमार्फत असते, अमेरिकेच्या १९७४ च्या निवृत्ती कायद्याच्या चौकटीत. खात्यातले शेअर पूर्ण तुझे व्हायला ३ वर्षं, टप्प्याटप्प्याने असतील तर ६ सुद्धा लागू शकतात. ते आपोआप होईल. तू शटडाउनकडे, म्हणजे दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या गिऱ्हाइकाच्या प्लँटकडे बघ.

ड्रॉइंग घेऊन साइट ऑफिसच्या ट्रेलरमध्ये बसू नकोस. तिथल्या जुन्या ऑपरेटरला धर आणि पाइपलाइन पायी फिरून बघ. कुठला व्हॉल्व्ह पास होतो, म्हणजे बंद करूनही गळतो, कुठला ड्रेन तुंबलेला असतो, हे त्यालाच ठाऊक. (कॉफी तू ने.)

माझीच गोष्ट सांगतो. फ्लँज म्हणजे पाइपांचा जोड, क्लास म्हणजे त्याची दाब सोसायची श्रेणी. ३०० क्लासच्या फ्लँजमध्ये मी १५० चं गॅस्केट, म्हणजे मधली सीलची चकती, बसवू दिलं होतं. हायड्रोटेस्टला, म्हणजे पाणी भरून घेतलेल्या दाबाच्या चाचणीला, डिझाइनच्या दीडपट प्रेशर चढवायचं; निम्म्यावरच थेंब ओघळायला लागले. रात्रीचे दोन. गुपचूप बदलता आलं असतं. फोरमन म्हणाला, "आधी गिऱ्हाइकाच्या सुपरवायझरला उठव." चाचरत फोन केला. तो भडकला, पण तासाभरात स्वतः येऊन स्टोअर उघडून दिलं. तो खर्च आम्ही बिलात लावला नाही. पुढच्या शटडाउनला त्याने मलाच मागून घेतलं.

जादा कामाच्या खर्चाचा आकडा मात्र काम सुरू व्हायच्या आधी सांग आणि सही घे, तिथे भिडस्तपणा नको. आणि हॉट वर्क परमिट, म्हणजे वेल्डिंग-कटिंगसारख्या ठिणगीच्या कामाची परवानगी, सकाळी सहालाच मागून ठेव, सातला रांग लागते.