‘आम्ही’ आणि ‘आपण’

प्रिय मित्रा,

रत्नागिरीत बसून मुंबईच्या चॅनेलवर निवडणुकीवर बोलणार आहेस, तर आधी नजर सांभाळ. मोबाइलवरून जोडले जाणारे बहुतेक जण पडद्यावर स्वतःचाच चेहरा बघत बसतात. घरच्या प्रेक्षकाला वाटतं, हा दुसरीकडेच बघून बोलतोय. मोबाइल आडवा ठेव, लेन्स डोळ्यांच्या उंचीवर आण आणि स्वतःच्या चौकटीवर कागद चिकटव. समोर सभा नाही, भाकरी थापता थापता बातम्या ऐकणारी एक बाई आहे असं धर. आवाज आपसूक खाली येतो.

या एकतर्फी ओळखीला हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी 1956 साली ‘पॅरासोशल’ म्हटलं. प्रेक्षक तुला ओळखतो, तू त्याला नाही. ठरल्या वेळी, त्याच ढंगात येणारा माणूस हळूहळू घरातला होतो, म्हणून दर आठवड्याला नवा अवतार नको.

मराठीत तर एक हत्यार तयारच आहे. ‘आम्ही’ म्हटलंस की प्रेक्षक बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलंस की आत येतो. पण ‘आपण कोकणी माणसं’ म्हटलंस तर लातूरचा प्रेक्षक गळला. आणि ‘आपण ही जागा काढतोय’ म्हणालास, तर तू प्रवक्ता झालास. ‘आपण’ मतदारापुरतंच ठेव.

मोजणीच्या दिवशी आकडे नुसते वाचू नकोस. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभेत चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत सहा विधानसभा मतदारसंघ. एका विधानसभेची मोजणी साधारण 14 टेबलांवर, म्हणजे एका फेरीत 14 मतदान केंद्रं. कुणाला एका फेरीत 350 ची आघाडी मिळाली, तर सांग: केंद्रामागे सरासरी 25 मतं. मग ती केंद्रं कुठल्या पट्ट्यातली, खाडीकाठची की घाटाखालची, तेही सांग. गजाली मारताना शेजारी पेन्सिल घेऊन बसल्यासारखं वाटलं पाहिजे. (पहिल्या फेरीवरून निकाल सांगणाऱ्यांची चॅनेलवर टंचाई नाही, तू भर घालू नकोस.)

लाइनवर आवाज सेकंद-दीड सेकंद उशिरा पोचतो. अँकर थांबला की मनात एक मोज, मग बोल; नाहीतर दोघं एकदम बोलता आणि तू भांडखोर दिसतोस. अंदाज चुकला, तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच वाक्यात सांग, कुठे चुकला तेही.

आणि जुलैत पत्र्याच्या पडवीत बसू नकोस. पावसाचा ताशा माइकमध्ये शिरला की तुझं काहीच पोचत नाही. आतल्या खोलीत बस, पंखा बंद कर, कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लाव. इन्व्हर्टर आदल्या रात्रीच चार्ज करून ठेव.

तुझा,
काका