सांगलीत 'संगीत संशयकल्लोळ'चा प्रयोग आहे, आईवडिलांना घेऊन पहिल्यांदाच संगीत नाटकाला जातोय. तिकीट कुठलं काढू, पुढच्या रांगेचं महाग घेऊ का, टाळी कधी द्यायची आणि काय लक्षात ठेवू?

पुढच्या रांगेची महाग तिकिटं घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. नकोत. पाचवी ते दहावी रांग, मधल्या खुर्च्या, यापेक्षा चांगली जागा नाही. पहिल्या दोन रांगांत अडीच-तीन तास मान वर करून बसावं लागतं, आणि वादक रंगमंचाच्या पायथ्याशी असतील तर तबला गाण्यावर चढतो. बाल्कनीत गाणं ठीक ऐकू येतं, पण हे नाटक चेहऱ्यांवर चालतं. संशयी नवरा फाल्गुनराव याच्या भुवया हळूहळू चढताना दिसल्या नाहीत तर अर्धी गंमत गेली. खाली बसलात तरी बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या रांगा टाळा, तिथे आवाज दबून येतो. आईवडिलांना मध्येच उठावं लागणार असेल तर रांगेच्या कडेची खुर्ची घ्या.

ऑनलाइन बुकिंग असलं तरी जमल्यास नाट्यगृहाच्या खिडकीवर जा. तिथे प्लॅन समोर ठेवून जागा निवडता येते, आणि ऑर्गन-तबला कुठल्या बाजूला बसणार हेही विचारता येतं. तबल्याच्या विरुद्ध बाजूला बसलं की गाण्याचे शब्द जास्त स्वच्छ लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: उशीर करू नका. बाकीच्या नाटकांत पहिली वीस मिनिटं हुकली तर अंदाजाने जुळवून घेता येतं, इथे नाही. सुरुवातीलाच नायिका रेवतीला भर रस्त्यात घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर मग कृत्तिकेला सापडते, आणि ती निरखून बघत असताना मागून फाल्गुनराव येतो. त्या एका तसबिरीवर पुढचं सगळं नाटक उभं आहे. ती कोणाच्या हातून कोणाकडे जाते तेवढ्यावर डोळा ठेवा, नाटक आपोआप उलगडतं. गोष्ट आधी कळल्याने मजा जाईल ही भीती नको. प्रेक्षकाला सगळं ठाऊक आणि पात्रांना काहीच ठाऊक नाही, यातूनच हसू येतं.

नावांचा गोंधळ होतो, त्याला एक सोपी खूण आहे. पुरुषांची नावं महिन्यांवरून (फाल्गुनराव, अश्विनशेठ, फाल्गुनरावाचा गडी भादव्या), बायकांची नक्षत्रांवरून (रेवती, कृत्तिका). एवढं घरून निघतानाच आईवडिलांना सांगून ठेवा.

तिसऱ्या घंटेनंतर नांदी, म्हणजे सुरुवातीचं मंगलगीत, होते. ती नाटकाचाच भाग आहे, खुर्ची शोधायची वेळ नव्हे. दुसऱ्या घंटेला बसलेलं असावं, फोन बंद करून. नुसता सायलेंट पुरत नाही. अंधारात उजळलेला पडदा रंगमंचावरून स्पष्ट दिसतो आणि तान घेणाऱ्याचं लक्ष तुटतं.

टाळी कधी द्यायची, हाही प्रश्न होताच. गाण्यातल्या चांगल्या जागेला, म्हणजे सुंदर हरकतीला, 'वाहवा' केव्हाही द्यावी, टाळी मात्र पद संपून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावर. 'वन्समोअर' द्यायचा तर त्याच क्षणी, टाळ्या चालू असतानाच. पुढचं वाक्य सुरू झाल्यावर ओरडलं की नटाला ना धड गाता येत, ना बोलता येत. वन्समोअर घेतला तर बहुतेकदा पूर्ण पद न गाता ध्रुवपदापासून थोडं गातात, त्यात वेगळी जागा घेतात, ती ऐकण्यासारखी असते. पण प्रत्येक पदाला मागू नका. विनोदी नाटकाला गती लागते. फाल्गुनराव-भादव्याचा प्रवेश रंगात आल्यावर मागेपुढे दोन-दोन वन्समोअर पडले तर साचलेलं हसू ओसरतं आणि नटांना पुन्हा पहिल्यापासून चढवावं लागतं. अश्विनशेठच्या 'मृगनयना रसिक मोहिनी'ला जरूर द्या. दरबारी कानडा रागातलं हे पद आधी एकदोनदा ऐकून गेलात तर प्रयोगात गायक स्वतःचं काय घालतोय ते कळेल.

हसण्याचंही तसंच. जाणते नट हशा ओसरायची वाट बघतात, पण पूर्ण नाही, शेवटच्या लाटेवर पुढचं वाक्य टाकतात. शेजाऱ्याला विनोद समजावत बसलात की नेमकं तेच वाक्य हुकतं.

आधी थोडा वेळ असेल तर सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊन या. या नाटकाचे लेखक गोविंद बल्लाळ देवल तिथलेच. मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनाचं बीज इंग्रजीतून त्यांच्यापर्यंत आलं. आधी त्यांनी ते गद्य नाटक म्हणून लिहिलं, मग पदं घातली, आणि 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं, रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व. हल्ली रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठीची संहिता, कापलेली असते, त्यामुळे आईवडिलांना आठवणारं एखादं पद गाळलेलं असू शकतं, याची त्यांना कल्पना द्या.

मध्यंतर धरून तीन तास लागतात, वन्समोअर पडले तर आणखी पंधरा-वीस मिनिटं. रात्री साडेनऊचा प्रयोग असेल तर बाहेर पडायला साडेबारा-पाऊण होतो. तेव्हा शहर बसवर अवलंबून राहू नका, परतीची रिक्षा जातानाच ठरवून ठेवा. चहा-वड्याला मध्यंतरात झुंबड असते, आईला वेळेवर गोळी घ्यायची असेल तर खाणं आणि पाणी घरूनच न्या, आणि एसीसाठी एक शाल.