कामगंध सापळ्यात पतंग, तरी बोंडात अळी?

प्रश्न: कपाशीत एकरी 2 सापळे लावलेत, गुलाबी बोंडअळीचे पतंग भरपूर सापडतात पण बोंडं फोडली की अळी आहेच. सापळे फेल का?

उत्तर: फेल नाहीत हो. ल्यूरला (सापळ्यातल्या आमिषाच्या गोळीला) मादीचा वास असतो त्यामुळे येतात ते फक्त नर, आणि उरलेला एकेक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, मग अंडी पडणारच ना. एवढे सापळे फक्त पाहणीसाठी, सलग 3 रात्री दर सापळ्यामागे रोज 8 पतंग आले की मगच फवारणीचं बघायचं. डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमलता गुलाबासारखी मिटलेली फुलं) दिसल्या की तोडून अळीसकट नष्ट करा. ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा मित्रकीटक सोडायचं कार्ड) लावलं असेल तर लगेच फवारा मारू नका, अंड्यांवर जगणारे ते मित्रकीटकच मरतील. आणि ल्यूर तंबाखूच्या हाताने धरू नका राव, त्याचा वास बिघडतो!