थारला कुठले टायर, जिम्नीला किती लिफ्ट? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

पावसाळा जवळ आला की सगळ्यांना चिखल आठवतो, त्यामुळे यावेळी टायरचेच प्रश्न जास्त आलेत.

दादा, नवीन थार, रोज ठाणे ते बीकेसी. एमटी (मड-टेरेन, चिखलाचे) टायर टाकू का? लुक कडक येतो.

लुक येतो, मान्य. पण तुझा सगळा रस्ता डांबर-काँक्रीटचा, आणि एमटीचे ते मोठे ब्लॉक ओल्या रस्त्यावर नीट पकडत नाहीत कारण रस्त्याला टेकणारं रबरच कमी, ब्रेक लांब लागतो, वर आवाज असा की गाणी विसर. अधूनमधून माळशेज-ताम्हिणीकडे जाणार असशील तर एटी (ऑल-टेरेन, रस्ता आणि कच्चं दोन्हीला चालणारे) घे. १६ इंची रिम असेल (२४५/७५ आर १६) तर ठेव तीच, उगाच १८ च्या मागे लागू नकोस, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) उंच असली की कच्च्या वाटेवर हवा कमी करून चालवायला बरं पडतं. घेताना साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघ, २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. कुर्ल्याला स्वस्तात मिळतोय म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेला उचलायचा नाही.

जिम्नीला दोन इंच लिफ्ट केली (सस्पेन्शन उंच केलं) तर ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमीचा २६० होईल ना?

नाही होणार! जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल (दोन चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे, लिफ्टने चासी आणि बॉडी वर जाते, डिफरेन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलवरचा गिअरचा डबा) आहे तिथेच. दगडाला आधी लागतो तो हाच. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तेही व्यास वाढेल त्याच्या निम्माच. कंपनीचा १९५/८० आर १५ साधारण ६९३ मिमीचा, २१५/७५ टाकला तर ७०३, म्हणजे हजारो रुपये घालून गोळा उचलला किती, तर ५ मिमी. २३५/७५ ने २० मिळतील, पण स्पीडोमीटर जवळपास ६ टक्के कमी दाखवेल आणि दीड लिटरच्या एंजिनला ते चढावर जड जातं. लिफ्टचा फायदा आहेच, बंपर आणि पोट घासत नाही. फक्त पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला मध्ये धरून ठेवणारा दांडा) अ‍ॅडजस्टेबल घ्या, नाहीतर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो.

दादरला हिंदमातापाशी तुंबणाऱ्या पाण्यासाठी स्नॉर्कल लावावं का?

स्नॉर्कल एंजिनची हवा वरून घेतं, बस. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचे ब्रीदर (हवा जायची भोकं) खालीच राहतात, वायरिंग खालीच, आणि पाण्याखाली उघडं मॅनहोल असेल तर ते काही स्नॉर्कलला दिसत नाही. त्या दिवशी लोकल पकडा (ती चालू असली तर).

पुढे लोखंडी क्रॅश गार्ड?

नको. ते लावणाऱ्यांवर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितलंय.

अलिबागकडे वाळूत गाडी रुतते, विंच (गाडी ओढून काढणारं यंत्र) घेऊ?

आधी बीचवर उतरायचं बंद करा, बऱ्याच ठिकाणी बंदी आहे आणि पोलीस केस करतात. कच्च्या वाटेवर वाळू लागलीच तर टायरची हवा १५-१८ पीएसआयवर आणा, टायर खाली पसरला की गाडी तरते. चाक जागेवर फिरायला लागलं की पाय लगेच काढा, रेस देत राहिलात तर गाडी चासीवर बसते. चाकांपुढची वाळू हाताने काढा आणि आलात त्याच चाकोरीतून हळू रिव्हर्स. विंचच्या पैशात चांगला कंप्रेसर, प्रेशर गेज, फावडं आणि रिकव्हरी स्ट्रॅप (गाडी ओढायचा पट्टा) येऊन वर पैसे उरतात. स्ट्रॅप चासीच्या हुकलाच अडकवा, टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) नाही, तो तुटून काचेतून आत येतो. आणि हायवेला लागायच्या आधी हवा परत भरा, कमी हवेत ८० ने पळवला तर टायर तापून फुटतो.