साक्षीदार सुरतेला, दावा अमळनेरला

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न : आबांनी (वडिलांनी) २०१६ मध्ये शंभरच्या स्टॅम्पवर मृत्युपत्र करून नोटरी केलं, शेत माझ्या नावे लिहिलं. आबा वारल्यावर तलाठ्याकडे नोंदीचा अर्ज दिला, तर बहिणीने हरकत घेतली. दोन साक्षीदारांपैकी एक वारले, दुसरे सत्तरी ओलांडलेले, सुरतेला मुलाकडे असतात. मृत्युपत्र रजिस्टर नाही, म्हणून बाद होईल का?

तेवढ्यावरून नाही. मृत्युपत्राला रजिस्ट्री सक्तीची नाही आणि स्टॅम्प तर लागतच नाही. विचारणारे सगळे याच्यावरच अडतात. खटला बुडतो तो मात्र साक्षीदारावर.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार हवेत. आबांनी त्यांच्यासमोर सही केलेली असावी किंवा 'ही माझीच सही' असं त्यांना सांगितलेलं असावं. आणि प्रत्येकाने आबांसमक्ष सही केलेली असावी. हे कोर्टात सिद्ध करायला हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी पिंजऱ्यात उभं करावंच लागतं. तुमच्याकडे उरलाय एकच. त्याने स्वतःच्या सहीबरोबर दुसऱ्यानेही आबांसमोर सही केल्याचं सांगितलं पाहिजे. 'दुसऱ्याचं मला ठाऊक नाही' म्हणाला, की जानकी नारायण भोईर प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुमच्यावर उलटतो. नोटरीचा शिक्का ही उणीव सहसा भरून काढत नाही.

सुरतेत त्यांचं प्रतिज्ञापत्र करून ठेवू, असं कुणी सुचवेल. उलटतपासणीशिवाय त्याला फारशी किंमत नाही.

तलाठी, मंडळ अधिकारी, प्रांत, जिल्हाधिकारी, मग नाशिकचे आयुक्त, या फेऱ्यांत वर्षं घालवू नका. फेरफाराने मालकी ठरत नाही. हक्क ठरवून मिळण्याचा दावा दिवाणी न्यायालयात आत्ताच लावा, आणि त्याच दिवशी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १६ खाली अर्ज द्या : साक्षीदार वृद्ध आहे, जबाब आधी नोंदवा. प्रवास झेपत नसेल तर आदेश २६ खाली कमिशन मागा, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस साक्षीदाराकडे जाऊन जबाब नोंदवतो. क्रमाने साक्षीची पाळी येईपर्यंत हा माणूस राहील, या भरवशावर बसू नका. आपल्या कोर्टांचा वेग ठाऊक आहे.

तोही गेला तर एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि आबांची सही ओळखणाऱ्यांकडून सिद्ध करावी लागेल. हा मार्ग आहे, पण कच्चा. त्यासाठी विकास सोसायटीचे जुने कर्जरोखे, बँकेचे सहीचे नमुने आजच शोधून ठेवा.

बहिणीच्या हिश्श्याचं जुने फेरफार पाहिल्याशिवाय बोलत नाही. शेत आजोबांकडून आलं म्हणजे वडिलोपार्जितच, असं सरसकट नसतं. पण एकत्र कुटुंबाची जमीन निघाली तर मृत्युपत्र आबांच्या हिश्श्यापुरतंच. वर्ग २ ची जमीन (जिच्या हस्तांतरावर सरकारी बंधनं असतात) असेल तर आणखी वेगळं.

पारावरचे दोन समवयस्क धरून सह्या घ्यायच्या, ही आपल्याकडची रीत महागात पडते. साक्षीदार आपल्याहून वीसेक वर्षांनी लहान, गावात टिकणारा आणि ज्याला काही मिळणार नाही असा हवा. आबा हयात असताना हे कागद एकदा वकिलाला दाखवले असते तर दुसरे साक्षीदार घेऊन नवं मृत्युपत्र अर्ध्या दिवसात झालं असतं.

आणि मूळ मृत्युपत्र तलाठ्याकडे दिलं असेल तर पोच दाखवून उद्याच परत घ्या. तिथे झेरॉक्स पुरते.