वाचकांचे प्रश्न : मदतीसाठी परदेशातलं गाव निवडताना

दूर देशातल्या एखाद्या वस्तीला बरीच वर्षं साथ द्यायची आणि ती निवडण्यासाठी आधी पाहणी दौरा काढायचा, असं अनेक मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती चर्चचे सभासद-समूह, ठरवतात. त्याविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आमच्या मंडळीतले चौदा जण यायला तयार आहेत. दोन आठवड्यांत आठ गावं पाहायचा बेत आहे. जमेल का?

पाहून होतील, कळणार एकही नाही. चौदा पाहुणे वस्तीत शिरले की तो समारंभ होतो. शाळा सुटते, मुलं रांगेत उभी राहतात, स्वागताची भाषणं होतात आणि दिवस मावळतो. पाहणीला चार-पाच जण पुरेत. त्यांत हिशेबाची वही वाचता येणारं एक माणूस हवं, पाणी किंवा आरोग्याच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेलं एक हवं आणि किमान दोन स्त्रिया हव्यात. बऱ्याच ठिकाणी बायका परक्या पुरुषांसमोर तोंड उघडत नाहीत, आणि पाणी, सरपण, मुलांची आजारपणं यांची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. बाकीच्या नऊ-दहा जणांना पुढच्या वर्षी न्या, काम ठरल्यावर.

बारा दिवस धरा. तीन प्रवासाचे, दोन तिथल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, सहा दिवसांत तीन गावं आणि एक दिवस पूर्ण मोकळा. गाडी बिघडते, पूल वाहून जातो, कुणीतरी तापाने पडतं. मोकळा दिवस नसेल तर या सगळ्याची किंमत शेवटचं गाव मोजतं. प्रत्येक गावात दोन रात्री राहाच. पहिल्या संध्याकाळी सगळे औपचारिक बोलतात, कामाचं बोलणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

जिल्ह्याचं ठिकाण आधी करा. सरकारी पाणी विभाग, दवाखाना आणि तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्था यांना भेटलात, तर ज्या गावाला तुम्ही विहीर देणार होता त्याचं नाव सरकारी यादीत आधीच असल्याचं कळू शकतं. आणखी एक गोष्ट. पाहुण्यांना दाखवली जातात ती गावं बहुधा डांबरी रस्त्यालगतची, आणि दौरेही कोरड्या हंगामात निघतात. रस्ता संपल्यावर तासभर चालावं लागेल असं निदान एक गाव यादीत घालायला सांगा, आणि पावसात तिथे काय होतं ते विचारा.

गावकरी आम्हाला आवडेल तेच सांगतात असं ऐकलं आहे. खरं कसं काढून घ्यायचं?

“तुम्हाला काय हवं?” हा प्रश्न विचारूच नका. पाहुणे चर्चचे असतील तर उत्तर चर्चची इमारत असं येतं, डॉक्टर असतील तर दवाखाना. त्याऐवजी शिवारफेरी करा. गावातल्या दोघातिघांबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला आणि दिसेल त्याबद्दल विचारा. मग मोकळ्या जागेत लोकांनाच जमिनीवर काठीने गावाचा नकाशा काढू द्या. घरं, पाणी, वाटा सगळं. पुरुषांचा एक, बायकांचा वेगळा. दोन्ही शेजारी ठेवले की एकात असलेली आणि दुसऱ्यात नसलेली ठिकाणं दिसतात. चर्चा तिथून सुरू करा. त्यानंतर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखून प्रत्येकात खडे ठेवायला सांगा: आजारपण कधी जास्त, हातात पैसा कधी नाही, धान्य कधी संपतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हे जमतं. काठी आणि खडे मात्र तुमच्या हातात येऊ देऊ नका.

पाण्याचं मोजमाप स्वतः करा, त्याला दुभाषी लागत नाही. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी ठरलेली किमान प्रमाणं सोबत ठेवण्यासारखी आहेत: माणशी दिवसाला १५ लिटर, एका हापशामागे जास्तीत जास्त ५०० माणसं, घरापासून ५०० मीटरच्या आत पाणी आणि रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबायला नको. हे हिशेब मिनिटाला १७ लिटर देणाऱ्या हापशाचे आहेत, म्हणजे २० लिटरचा कॅन साधारण ७० सेकंदांत भरायला हवा. घड्याळ लावून भरून पाहा. पाचशे माणसांचे ७,५०० लिटर काढायला चांगला हापसाही सव्वासात तासांहून जास्त अखंड चालवावा लागतो. कॅन भरायला अडीच मिनिटं लागत असतील, तर पाचशे माणसांना तो पुरणार नाही हे उघड आहे.

हापसा पहाटे पहिल्यांदा मारताना हजर राहा. वीस-तीस वेळा मारल्यावर पाणी येत असेल, तर रात्रीत पाइपमधलं पाणी खाली उतरतं आहे. तळाचा व्हॉल्व्ह नाहीतर पाइपचा सांधा गळतो. लगेच येतं पण थोडंच येतं, तर आधी वॉशर झिजल्याचा संशय घ्या, पण विहिरीतलंच पाणी कमी झालं असणंही शक्य आहे. आता विचारा: वॉशर कुठे मिळतो, कितीला मिळतो, मागच्या वेळी कुणी बदलला, पैसे कुणी गोळा केले? या चार प्रश्नांना उत्तर नसेल, तर नवी विहीर खोदून तीही काही वर्षांत बंदच पडणार. तिथे सुट्या भागांची सोय, दुरुस्ती शिकलेली दोन माणसं आणि वर्गणीची वही लागते. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून हे काम मागे पडतं.

सगळ्या मंडळीसमोर तिथल्या पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) छपरासाठी मदत मागितली तर काय उत्तर द्यावं?

वाक्य घरूनच ठरवून न्या: “आम्ही ऐकायला आलो आहोत. निर्णय आमच्या मंडळीची पंचकमिटी घेईल आणि अमुक तारखेपर्यंत, होकार असो वा नकार, पाळकांना लेखी कळवू.” दौऱ्यातल्या प्रत्येकाने हेच बोलायचं. “बघू”, “प्रार्थना करू” यांचा अर्थ बऱ्याच ठिकाणी होकार असाच घेतला जातो. दुभाषीही पाहुण्यांचा मान राखायला उत्तर गोड करतो. म्हणून बोलून झाल्यावर त्याला विचारा, “तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?” दुभाषी शक्यतो यजमान पाळक किंवा त्यांचा नातेवाईक नसावा. एखाद्याने खिशातून शंभर डॉलर काढून गुपचूप दिले, तर बाकीच्यांचं सगळं बोलणं फुकट जातं. त्यामुळे वैयक्तिक देणगी बंद, हे निघण्यापूर्वीच लेखी ठरवा. दिलेल्या तारखेला उत्तर मात्र गेलंच पाहिजे, नकाराचंही.

तिथलं एक अनाथालय आम्हाला दत्तक घ्यायचं आहे. भेटीत मुलांसाठी कार्यक्रम ठेवू का?

नको. जगभरच्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. पाचांपैकी चार हा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. मुलं तिथे येतात ती गरिबीमुळे, आणि परदेशी देणग्या मुलांच्या संख्येवर मिळत असतील तर मुलं गोळा केली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९च्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवी सहलींमुळे होणाऱ्या हानीपासून मुलांचं रक्षण करण्याचं आवाहन सदस्य देशांना केलं आहे. आठवडाभर माया लावून निघून जाणारी माणसं दर महिन्याला बदलतात, तेव्हा लहान मुलांना त्याचा त्रास होतोच. तुमचं मन मुलांच्याच कामात असेल, तर संचालकांना विचारा की गेल्या वर्षी किती मुलं परत घरी गेली. आकडा सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका. घरच्यांना फी, धान्य किंवा उपचार देऊन मूल घरीच राहील अशी कामं करणारी स्थानिक मंडळी शोधा.

पैसे कुणाच्या हाती द्यायचे, आणि किती वर्षं?

संस्थेच्या नावावर बँक खातं आणि दोन सह्या, त्यातली एक पाळकांच्या घराबाहेरची. हे नसेल तर थांबा. नोंदणीचा दाखला आणि मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब मागा. रोकडवहीतल्या कुठल्याही पाच नोंदी निवडून त्यांच्या पावत्या पाहा, हे पंधरा मिनिटांचं काम आहे. पावती नसणं हा दर वेळी घोटाळा नसतो, खेड्यातला बैलगाडीवाला पावती देत नाही. पण सगळ्या पावत्या एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात असतील तर जपा. परिसरातल्या दुसऱ्या मंडळीच्या पाळकांनाही वेगळं भेटा. आपल्या देशातून धर्मादाय पैसा बाहेर पाठवण्याचे नियम आपल्या ऑडिटरला निघण्याआधीच विचारून ठेवा.

सुरुवात सहा महिन्यांच्या एकाच लहान कामाने करा. पाळकांचा पगार बाहेरून देणं सर्वांत वाईट, कारण मग त्यांना मंडळीपेक्षा तुम्हाला खूश ठेवावं लागतं. ही चर्चा जुनी आहे. चीनमध्ये काम करणारे जॉन नेव्हियस १८९०मध्ये जेमतेम दोन आठवडे कोरियातल्या सोल शहरात गेले आणि तिथल्या तरुण मिशनऱ्यांना त्यांनी हेच पटवलं: कोरियन मंडळीने आपला पाळक स्वतः पोसावा, आपली इमारत स्वतःच्या ऐपतीने बांधावी. तिथल्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मिशनने ते धोरण म्हणून स्वीकारलं. मदत घेणाऱ्यांच्या बाजूनेही, केनियाचे प्रेस्बिटेरियन पुढारी जॉन गाटू यांनी १९७१मध्ये परदेशी मिशनरी आणि पैसा काही काळ थांबवाच अशी मागणी केली होती. तेव्हा करारात रक्कम लिहिताना मदत बंद होण्याचं वर्षही लिहा आणि दर वर्षी तुमचा वाटा किती घटेल तेही.

लसी, व्हिसा यांची तयारी किती आधी?

आठ आठवडे आधी प्रवास-लसींच्या डॉक्टरांकडे जा. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस काही देशांत सक्तीची आहे आणि तिचा दाखला टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. २०१६पासून तो आयुष्यभर चालतो. टायफॉइडचं इंजेक्शन किमान दोन आठवडे आधी. कुत्री आणि वटवाघळं असलेल्या दूरच्या भागात जाणार असाल तर रेबीजची आगाऊ लस घ्या, सात दिवसांच्या अंतराने दोन डोस. चावा झाल्यावरचे उपचार मात्र तरीही लागतात. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने उरलेली असावी.

टूरिस्ट व्हिसावर उपदेश किंवा औषधवाटप करू नका. नेपाळच्या २०१८पासून लागू झालेल्या दंडसंहितेत धर्मांतर करवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. पाहुणा सुटून जाईलही, चौकशी मागे राहिलेल्या स्थानिक पाळकाची होते. फोटोंचंही तसंच आहे, गावाचं नाव आणि चेहरे एकत्र टाकू नका.

मलेरियाच्या गोळ्या परतल्यावर लगेच थांबवणं ही नेहमीची चूक. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे, अटोवाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस घ्यावी लागते. गोळ्या पूर्ण करूनही तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना आधी सांगा.