आधी फरशी, मग रोबो

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, त्याला कोडिंग शिकवणारा खेळण्यातला रोबो घ्या. मोबाइल हाती द्यायचा नाही, हे आमचं ठरलेलं. स्क्रीनशिवाय प्रोग्रामिंग येतं का? की पैसे पाण्यात?
— एक आई, पारोळा

उत्तर : येतं, ताई. १९६७ मध्ये अमेरिकेत सिमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाला हुकूम द्यायची भाषा केली. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर पेनाने रेघ ओढत फिरणारं ‘कासव’ नावाचं यंत्र आलं. गणित अडलं की मुलाने स्वतः कासव होऊन चालून बघायचं.

तुम्हीही तेच करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तीन तऱ्हेचे बाण काढा : पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. ओसरीच्या एका टोकाला भरताचं वांगं ठेवा. तिथवर पोचायचं. रोबो तुम्ही, हुकूम लेकाचे. त्याने आधी सगळ्या पत्रिका ओळीने मांडायच्या, मगच तुम्ही हलायचं. एक बाण म्हणजे एक फरशी. ‘वळ’ म्हणजे जागच्या जागी वळणं, सरकणं नव्हे. ‘तठे जाय’ चालणार नाही. आणि स्वतःची अक्कल अजिबात वापरू नका. भिंत आली तर भिंतीला टेका! पोरं खिदळतात, पण चुकलेली पत्रिका शोधायला आपणच धावतात. ती तुम्ही दाखवायची नाही. आज्यांना हे फार जड जातं.

माझ्या पहिलीच्या वर्गात घोळ होतो तो उजव्या-डाव्याचा. रोबो समोर तोंड करून आला की त्याचं उजवं मुलाच्या डाव्या हाताला येतं. रोबोच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधा.

हे जमलं की ‘चार वेळा’ अशी एक पत्रिका वाढवा. ‘दोन फरश्या पुढे, उजवीकडे वळ’ हे चारदा केलं की चौकोन होतो. मोठी माणसं यालाच लूप म्हणतात.

एवढं करून हौस टिकली तर रोबो घ्या. बी-बॉट नावाची पिवळी मधमाशी पाठीवरच्या बटणांनी चालते. तिचं एक पाऊल १५ सेंटिमीटरचं, म्हणून कार्डशीटवर तेवढेच चौकोन आखा. नवा मार्ग देण्याआधी जुने हुकूम पुसायचं बटण दाबायला शिकवा, नाहीतर ती आधी जुनाच रस्ता धरते. ती महाग वाटली तर शाळेतल्या दोन-तीन पालकांनी मिळून घ्यावी. एकट्या पोरासाठी मी तरी घेणार नाही.